मुंबई दर्शन : जमा आणि नावे

राजाबाई टॉवर मी आजवर एकवीस वेळा पाहिला आहे. त्यांतल्या एकोणीस वेळा बरोबर सासरची माणसे होती. उरलेल्या दोन वेळांपैकी एकदा पाऊस लागला होता आणि एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मुंबईत राहणारा माणूस आपण होऊन मुंबई पाहायला कधी जात नाही. त्यासाठी त्याला पाहुणा लागतो. पाहुणा आला, की रविवारी सकाळी अंघोळ करून, पाण्याची बाटली आणि पुऱ्यांचा डबा पिशवीत टाकून तो स्वतःच्याच गावात प्रवासाला निघतो.

या वेळचे पाहुणे म्हणजे आमच्या हिचे अण्णाकाका. गुहागरच्या अलीकडे एका खेड्यातल्या शाळेत अडतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. बाकीचे पाहुणे इमारत दिसली की तिच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात. अण्णा तिच्याकडे पेपर तपासायला आल्यासारखे बघतात आणि दोनच प्रश्न विचारतात. ‘किती खर्च आला?’ आणि ‘पैसे कुणी दिले?’

शनिवारी रात्री हिने मला स्वयंपाकघरात बोलावून दबक्या आवाजात सांगितले, “अहो, अण्णाकाका मुंबई बघायला नाही आलेत. ठेव मोडायला आलेत.”

फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे मिळून अण्णांचे आयुष्यभराचे पैसे आमच्या शाखेत होते. जावई बँकेत म्हणजे पैसे घरातच, असा त्यांचा हिशेब. आता तालुक्याच्या गावी कुणी एक गृहस्थ उगवले होते. ते महिन्याला पाच टक्के देत. गावातल्या चौघांना दोन महिने मिळालेही होते.

“तुम्ही बँकेत आहात. तुम्ही समजवा त्यांना,” ही म्हणाली.

मला उपदेश जमत नाही. काउंटरवर अठरा वर्षे बसून मी एकच उपदेश करायला शिकलो आहे : ‘इथं सही राहिली.’ शिवाय पैशांच्या बाबतीत दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यात माझी एक खाजगी अडचणही होती. ती पुढे येईलच. तेव्हा मी ठरवले, की जे काही सांगायचे ते आपण सांगायचे नाही, इमारतींकडून सांगवायचे.

सुरुवात व्ही.टी.पासून केली. अण्णा अजून व्ही.टी.च म्हणतात. १९९६ साली तिचे छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ आले, हे त्यांना मान्य आहे. पण जीभ ऐकत नाही. मी सांगितले, फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या साहेबाने १८७८ साली काम काढले आणि १८८८ साली पुरे केले. खर्च सुमारे १६ लाख.

“दहा वर्षांत झालं एवढं सगळं?” अण्णा घुमटावरच्या बाईकडे बघत म्हणाले. “आमच्या शाळेच्या मुतारीला अकरा लागली.”

तिथून फोर्टात शिरलो. वाटेत मी मुंबईचे मूळ खाते उघडून दाखवले. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई हुंड्यात मिळाली. हुंड्यातल्या भांड्यांचे पुष्कळदा होते तेच झाले. ठेवायचे कुठे आणि करायचे काय, हे राजाला कळेना. १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, भाडे वर्षाला १० पौंड.

“डिपॉझिट?” अण्णांनी विचारले. डिपॉझिटचा उल्लेख माझ्या वाचनात नाही. मुंबईत डिपॉझिटशिवाय भाड्याने मिळालेली ती पहिली आणि शेवटची जागा असावी.

टाउन हॉलपाशी आलो. हल्ली लोक त्याला एशियाटिक म्हणून ओळखतात, कारण आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, आणि बाहेरच्या पायऱ्यांवर लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेत असतात. अण्णांनी पायऱ्या मोजल्या. तीस भरल्या. मग ठरलेला प्रश्न आला. मी म्हटले, “लॉटरी.”

“काय?”

“लॉटरी काढली होती, अण्णा. टाउन हॉल बांधायला पैसे हवेत म्हणून. १८२१ साली काम सुरू झालं, लॉटरीचे पैसे पुरले नाहीत, शेवटी सरकारनं पदरचे घातले आणि १८३३ साली कसंबसं पुरं झालं.”

अण्णांनी त्या खांबांकडे पुन्हा एकदा पाहिले. आता त्यांच्या नजरेत आदर कमी आणि आपुलकी जास्त होती.

समोर हॉर्निमन सर्कलची बाग आहे. तिथे बाकावर बसून आम्ही पुऱ्यांचा डबा उघडला, आणि मी माझ्या मुख्य विषयाला हात घातला. जागा त्यासाठीच निवडली होती. १८५०-६० च्या सुमारास याच भागात, टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअरदलालांचा बाजार भरे. छप्पर नाही, पाटी नाही, केवायसी नाही. त्या पारावरच्या मंडळींनीच पुढे १८७५ साली रीतसर संघ काढला, तो आपला शेअरबाजार. त्यांच्यातला सर्वांत मोठा दलाल प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१ चा, घराणे सुरतेचे. इंग्रजी बोलता, वाचता आणि लिहिता येणारा पहिला देशी दलाल म्हणून त्याचे नाव सांगतात.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध जुंपले. कापूस पिकवायचा दक्षिणेने, आणि बंदरे रोखून धरलेली उत्तरेने. इकडे इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून उपाशी मरायला लागल्या. तेव्हा त्यांना आमच्या गुजरातच्या, वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाची आठवण झाली. हा कापूस जायचा मुंबईच्या बंदरातून. भाव असे काही चढले, की लोकांनी म्हणे घरातल्या गाद्या-उशा उसवून कापूस विकला.

“मग निजले कशावर?” अण्णांनी विचारले.

“पैशांवर.”

चार वर्षे मुंबईत सोन्याचांदीचा ओघ लागला होता. आता पैसा घरात नुसता पडून राहिला, की माणसाला झोप लागत नाही (गादीतला कापूस गेल्यावर तर नाहीच). ज्याच्याजवळ पैसे होते त्याने कंपनी काढली. ज्याच्याजवळ नव्हते त्याने त्या कंपनीचे शेअर घेतले. तीसएक बँका निघाल्या. कशासाठी निघाल्या हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

या सगळ्या कंपन्यांची महाराणी म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. बेत असा, की कुलाब्यापासून मलबार हिलकडे जो समुद्र आत शिरला आहे, तो भरून काढायचा आणि तयार होणारी जमीन विकायची. तिचा पाच हजार रुपये भरलेला शेअर बाजारात पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन तोवर पाण्याखालीच होती. कोरडे होते ते फक्त शेअर.

“आणि ज्यांच्याजवळ पन्नास हजार नव्हते ते?”

“ते बँकेत गेले.”

इथे माझा आवाज जरा खाली आला. घरातली गोष्ट बाहेर सांगताना येतो तसा. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही काही सोम्यागोम्याची पेढी नव्हती. सरकार स्वतः भागीदार, संचालक मंडळात सरकारची माणसे. १८६३ च्या कायद्याने या बँकेला शेअरच्या तारणावर कर्ज द्यायची मोकळीक मिळाली. लोकांनी शेअर तारण ठेवून कर्ज काढले, त्या पैशांतून आणखी शेअर घेतले, ते तारण ठेवले, आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले. आमच्याकडे एखाद्याने जामीनदार म्हणून स्वतःच्याच नावाची दुसरी सही आणली, तर आम्ही त्याला बाहेर काढतो. इथे अख्खे शहर स्वतःला जामीन राहिले होते!

१८६५ च्या एप्रिलमध्ये तिकडे अमेरिकेत जनरल ली शरण आला. लोकहो, युद्ध संपले म्हणून जगात कुठे रडारड झाली असेल, तर ती मुंबईत. कापूस गडगडला. मुदतीच्या सौद्यांचे पैसे चुकते करायचे होते १ जुलै १८६५ रोजी. तो दिवस उजाडला तेव्हा प्रत्येकाला प्रत्येकाकडून येणे होते आणि कुणाजवळही देण्यासारखे काही नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर जाऊन आला होता, त्याला ८७ रुपयांच्या वर गिऱ्हाईक मिळेना. बॅकबे कंपनी बुडाली. १८६८ साली खुद्द बँक गुंडाळली, चौकशीला कमिशन बसले, आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. पाटी रंगवायचा खर्च वाचवला असावा. ही नवी मात्र टिकली. १९२१ साली ती इंपीरियल बँकेत गेली आणि १९५५ साली तिची स्टेट बँक झाली.

अण्णांनी हातातली पुरी खाली ठेवली. मला वाटले, लागला बाण.

“तिखट आहे का हो हिच्यात?” ते म्हणाले. आणि मग, “आणि तो प्रेमचंद?”

तेच तर दाखवायला न्यायचे होते. हुतात्मा चौकातून निघालो. तिथल्या फ्लोरा फाउंटनच्या जागी पूर्वी किल्ल्याचा दरवाजा होता, खरे चर्चगेट ते. १८६० नंतर गव्हर्नर फ्रियरच्या अमदानीत किल्ल्याची तटबंदी पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आजची ही सगळी दगडी मुंबई उभी राहिली. शेजारीच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. तिथे अण्णांनी चपला काढल्या. खर्च विचारला नाही.

ओव्हल मैदानाच्या कडेला उभे राहून राजाबाई टॉवर बघितला, की बाविसाव्यांदासुद्धा मान मागे टाकावी लागते. २८० फूट. आराखडा इंग्लंडच्या सर गिल्बर्ट स्कॉटचा, आणि हा गृहस्थ मुंबईला कधी आलाच नाही. १८६९ साली पायाभरणी, १८७८ साली काम पुरे. पैसे प्रेमचंद रायचंदचे. तेजी ऐन भरात असताना, १८६४ साली, त्याने दोन लाख विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिले आणि पाठोपाठ दोन लाख घड्याळाच्या मनोऱ्याला. मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यावे, एवढेच त्याचे मागणे. आईचे नाव राजाबाई.

“आणि मग ६५ साली बुडाला,” अण्णा म्हणाले.

“बुडाला. दिवाळखोरीपर्यंत गेला. पुढं सावरला आणि १९०६ साली वारला. पण गंमत बघा अण्णा, जे शेअरात घातलं ते गेलं. जे स्वतःच्या तिजोरीत ठेवलं असेल, ते देणेकऱ्यांनी नेलं. राहिलं काय, तर जे देऊन टाकलं होतं ते. इथं हा टॉवर, आणि तिकडं कलकत्ता विद्यापीठात त्याच्या नावाची शिष्यवृत्ती.”

हे वाक्य मी आदल्या रात्री तयार केले होते. तोंडून बरे उतरले, असे वाटत असतानाच लक्षात आले, की अण्णांचे लक्ष माझ्याकडे नाही. ते टॉवरच्या घड्याळात बघून आपले मनगटी घड्याळ लावत होते.

“आईचंच नाव का बरं?”

मी ऐकीव कथा सांगितली. राजाबाईंना म्हणे दिसत नसे. जैन धर्माच्या नेमाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे, तर वेळ कळावी कशी? म्हणून लेकाने घंटेची सोय केली.

“राहायचे कुठे हे लोक?”

“भायखळ्याला.”

अण्णा गणिताचे मास्तर. त्यांनी ओव्हलपासून भायखळ्यापर्यंतचे अंतर मनात मांडले, मान हलवली, आणि काही बोलले नाहीत. खरे म्हणजे या घड्याळाला एके काळी सुरेल घंटा होत्या आणि त्या इंग्रजी गीतांच्या चाली वाजवीत. जेवणाची वेळ कळण्यासाठी ‘रूल ब्रिटानिया’ ऐकावे लागणे, हे एका श्रावक बाईच्या नशिबी आले असेल असे मला वाटत नाही. पण कथा चांगली आहे, आणि अण्णांना ती खोटी ठरवायची नव्हती, हे मला दिसत होते.

काळ्या घोड्यापाशी फार वेळ गेला नाही. मूळ पुतळा १८७९ चा, सर आल्बर्ट ससूनने दिलेला, घोड्यावर पुढे सातवा एडवर्ड झालेला युवराज. १९६५ साली राजा घोड्यासकट राणीच्या बागेत हलवला. चौकाला मात्र नाव चिकटले ते घोड्याचे, राजाचे नाही. २०१७ साली तिथे नवा काळा घोडा बसवला, पाठीवर कुणीही न बसवता. कर्जदार गेला आणि तारण राहिले, असे मी म्हणालो. अण्णा हसले नाहीत. आमचे मॅनेजर या विनोदाला हसतात, पण ते माझ्या इतर कुठल्याच गोष्टीला हसत नाहीत, तेव्हा तो पुरावा धरता येत नाही.

गेटवेवर नेहमीची जत्रा होती. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी इथे उतरले, त्याची ही आठवण. पण ते उतरले तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती तेवढी होती. कोनशिला बसली १९१३ साली, जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ साली, आणि उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. खर्च २१ लाख. म्हणजे गिऱ्हाईक येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दार बसवले. त्यात सगळे पैसे इमारतीतच संपले आणि समोरून यायचा नियोजित रस्ता राहून गेला. म्हणून आजही येणारा रस्ता तिला तिरका येऊन मिळतो. आणि दार बसवून चोवीस वर्षे होतात न होतात तोच, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, इंग्रजांची शेवटची पलटण याच दारातून बाहेर पडली.

अण्णांना लाँचने घारापुरीला जायचे नव्हते, गुडघे ऐकत नाहीत. मग मी त्यांना तिथल्या दगडी हत्तीची हकिगत सांगितली. या हत्तीवरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली, म्हणजे त्याच तेजीच्या धुंदीत, साहेबांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले. यारीने उचलायला गेले, साखळदंड तुटले आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून तो उभा केला. तोही आता राणीच्या बागेतच, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मुंबईत ज्याचे काय करायचे ते सुचत नाही, ते राणीच्या बागेत नेऊन ठेवतात.

“म्हणजे फुटला म्हणून राहिला,” अण्णा म्हणाले.

संध्याकाळी टॅक्सीने मरीन ड्राइव्हला गेलो आणि कठड्यावर बसलो. समुद्र भरून काढायचे बॅकबेचे वेड १८६५ मध्ये संपले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर लॉइडने तोच बेत सरकारी खर्चाने पुन्हा काढला. पुन्हा खर्च फुगला, पुन्हा काम रखडले. तेव्हा खुर्शेद नरिमन नावाच्या पारशी वकिलाने त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, तो नरिमननी जिंकला. ठरलेल्या जमिनीच्या निम्मीही भरून झाली नाही. जेवढी झाली तिच्या कडेने हा रस्ता आहे. आणि पुढे आणखी समुद्र भरून जे टोक निघाले, त्याला नाव दिले नरिमन पॉइंट. कर्जाला हरकत घेणाऱ्या कारकुनाचे नाव शाखेला द्यावे, तसे. आमच्यात ही पद्धत अजून आलेली नाही.

अण्णा बराच वेळ लाटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “जावईबापू, सकाळपासून तुम्ही मला एकच गोष्ट सांगताय. मास्तर होतो मी. सरळ सांगा की.”

आता काही इलाज नव्हता. मी माझी खाजगी अडचण सांगून टाकली. २००८ च्या जानेवारीत एका कंपनीचे शेअर येणार म्हणून साऱ्या देशाने रांगा लावल्या होत्या, तेव्हा मीही सत्तर हजार घातले होते. त्यांत हिने घरासाठी साठवलेले चाळीस होते. नव्या घरात बसवायचा कपाटाचा ओटा त्या आठवड्यातच वाहून गेला. बी.कॉम., वरून बँकेतला. कागद अजून माळ्यावर गीझरच्या खोक्यात आहेत, आणि हिला आजतागायत सांगितलेले नाही.

“गीझरच्या खोक्यात ना?” अण्णा म्हणाले. “ठाऊक आहे तिला. दिवाळीची साफसफाई करताना सापडले. मला तेव्हाच सांगितलं तिनं. म्हणाली, यांना बोलू नका काही, आधीच झोप येत नाही त्यांना.”

मी समोर बघत राहिलो. दिवे लागले होते. त्या दिव्यांच्या रांगेला लोक राणीचा हार म्हणतात. किंमत विचारायचे भान अण्णांना नव्हते आणि सांगायचे मला नव्हते.

सोमवारी अण्णा शाखेत आले. आत या म्हटले तरी आले नाहीत, रांगेतच उभे राहिले. नंबर लागला तेव्हा त्यांनी ठेवीची पावती काचेखालून सरकवली. पंधरा हजार रोख हवे होते. बाकीच्यांची पुन्हा ठेव.

“पाच वर्षांची करू?”

“एकाच वर्षाची करा. पुढच्या वर्षी यायला कारण हवं. तो हत्ती राहिलाय.”

“आणि हे पंधरा हजार त्या गृहस्थांना?”

“छे हो. आमच्या शाळेत घंटा म्हणून अजून रुळाचा तुकडा टांगलेला आहे. पितळेची चांगली किती पडेल, चौकशी केली काल रात्री फोनवर. आईचं नाव कोरून घेतो.” मग जरा काचेजवळ वाकून म्हणाले, “शाळेपासून आमचं घर अर्धा मैल आहे. वारा असला तर ऐकू येते.”

मागून कुणीतरी ‘चला हो आजोबा’ म्हणाले. मी अर्ज तपासला. रक्कम अक्षरी बरोबर होती, तारीख बरोबर होती, वारसाचे नाव होते. अर्ज मी परत बाहेर सरकवला.

“अण्णा, इथं सही राहिली.”